तळ्याची वर्गणी

अर्थशास्त्रातल्या माझ्या प्रबंधाचे इंग्रजी शीर्षक मुखपृष्ठावर अडीच ओळी व्यापत होते. घरी सांगण्यासाठी मी त्याचे एक मराठी वाक्य तयार केले होते: आर्थिक संकट आले, बँका बुडाल्या, की शहरे सर्वांत आधी झाडे, नाले आणि तळी यांच्यावरचा खर्च का थांबवतात, याचा मी अभ्यास करते. पप्पा बस डेपोच्या दुरुस्ती विभागातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि सांगत फिरायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता. त्यांनी या वाक्यातला बँका बुडण्याचा भाग तेवढा चाळभर पोहोचवला. पुढे कित्येक दिवस लोक आमच्या दारात पासबुक घेऊन येत राहिले.

“आमची पतपेढी बुडायची असेल तर आधी सांग हं,” शेजारच्या काकू म्हणाल्या. त्या घरी ब्लाउज शिवत. त्यांच्या मशीनच्या आवाजातच मी दहावी, बारावी आणि भौतिकशास्त्राची पदवी पार केली होती. “घरातली आहेस म्हणून विचारते. बाकीच्यांना नको सांगू, नाहीतर सगळे धावतील.”

बँकांवर झुंबड कशी उडते, हे माझ्या प्रबंधाचे पहिलेच प्रकरण होते. ते पूर्ण झाले होते. अडचण तिसऱ्या प्रकरणाची होती, आणि त्या प्रकरणावर माझे सगळे भवितव्य टांगलेले होते.

चिंचपोकळी आणि लोअर परळ यांच्या मधल्या पट्ट्यात आमची चाळ होती. तिच्या पाठीमागे एका बंद गिरणीचे तळे होते. कधीकाळी वाफेच्या यंत्रांना पाणी पुरवण्यासाठी ते खोदले असावे. गिरणी माझ्या जन्माआधीच बंद पडली, यंत्रे भंगारात गेली, जमिनीचा दावा कोर्टात गेला आणि तळे तसेच राहिले. ते ना मालक सांभाळत होता, ना महापालिका. तिथे पाणकोंबड्या होत्या, बगळे होते, वर्षागणिक पसरणारी जलपर्णी होती, आणि खरे सांगायचे तर डासही पुष्कळ होते. पण मे महिन्याच्या दुपारी मागच्या गॅलरीत जो वारा येई, तो रस्त्याच्या बाजूच्या खोल्यांना ठाऊक नव्हता. चाळीतल्या परीक्षार्थी मुली तळ्याकडे तोंड करून, कठड्याला पाय टेकवून अभ्यास करत. कोणाची बारावी आहे हे पाहून बाकीचे आपले टीव्ही बारीक करत. इतकी सुसज्ज अभ्यासिका मला पुढे कोणत्याही विद्यापीठात मिळाली नाही.

बाजारात जिला भाव नाही अशा गोष्टीची किंमत काढण्याची अर्थशास्त्रात एक पद्धत आहे. माणसांना थेट विचारायचे: ही गोष्ट टिकावी म्हणून तुमचे घर दरमहा किती रुपये देईल? प्रश्न काल्पनिक असतो, पैसे कोणी गोळा करत नाही. शेकडो घरांची उत्तरे घ्यायची आणि त्यांतून त्या गोष्टीचे मोल काढायचे. संकटकाळात महापालिका जे तोडते त्याची किंमत काय, हे दाखवायला मला अशी एक पाहणी हवी होती. माझ्या मार्गदर्शक मॅडम दादरच्या, शिस्तीच्या आणि मोजके बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “ओळखीची जागा निवड. लोक दार उघडतील एवढं तरी नक्की.”

माझी फेलोशिप मार्चअखेर संपणार होती. परदेशी विद्यापीठातल्या एका विभागाने मला दोन वर्षांचे काम देऊ केले होते, पण हे तिसरे प्रकरण त्यांना आधी वाचायचे होते. प्रकरण झाले तर मी जाणार. नाही झाले तर प्रबंध अर्धा आणि मी घरी. हिशेब इतका सरळ होता. मी प्रश्नावली छापून घेतली आणि काकूंपासून सुरुवात केली.

“सेक्रेटरींनी किती सांगितले?” प्रश्न ऐकून काकूंनी विचारले.

“ते बघायचं नसतं, काकू. तुमच्या मनातला आकडा सांगा.”

“अगं, ते किती म्हणतात त्याच्याशिवाय माझ्या मनात आकडा येईल कसा?” आणि त्यांनी मशीनवरूनच मान वळवून समोरच्या गॅलरीकडे हाक टाकली. “ओ सेक्रेटरी! तळ्याचे किती लावलेत?”

सेक्रेटरीकाका चौदा एप्रिलच्या जयंती उत्सव समितीचे सचिव. सरकारी कचेरीत नोकरी, चाळीतला सर्वांत नियमित पगार. ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, “पन्नास!”

“लिही पन्नास,” काकू मला म्हणाल्या. “आणि हे बघ, कोपऱ्यावरच्या खोलीत जाऊ नकोस. तिचा नवरा जाऊन वर्ष नाही झालं. तिचे माझ्यात धर.”

“म्हणजे तुमचे शंभर?”

“माझे पन्नासच. तिचे माझ्यात धर.”

जगातल्या कोणत्याही सांख्यिकी प्रणालीत हे भरता येत नाही. मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवले आणि पुढच्या दाराकडे गेले. तिथे पन्नास. त्याच्या पुढे पन्नास. वरच्या मजल्यावर मी जिना चढेपर्यंत पन्नास माझ्या आधी पोहोचले होते.

हे का घडले, हे मला समजायला हवे होते, कारण मी त्याच चाळीत वाढले होते. आमच्याकडे जयंतीच्या वर्गणीची पहिली पावती सेक्रेटरीकाकांच्या नावाने फाडली जाई. तो आकडा त्या वर्षीचा आकडा. त्याहून जास्त कोणी देत नसे, कारण ते पहिल्या पावतीला खाली पाहायला लावणे झाले असते. कमीही कोणी देत नसे. ज्याला जमणार नाही त्याचे दुसऱ्या कोणात तरी धरले जात, आणि त्याविषयी पुन्हा कोणी बोलत नसे. माझा शास्त्रशुद्ध प्रश्न चाळीने ऐकला आणि तिला ओळखीचा असलेला एकच अर्थ त्याला लावला: तळ्याची वर्गणी निघाली आहे.

मॅडमनी आलेख पाहिला. आडव्या अक्षावर सगळीकडे शून्य, मध्येच एक उंच खांब.

“हा आलेख आहे की लोअर परळचा टॉवर?” त्या म्हणाल्या.

“लोक एकमेकांना विचारतात, मॅडम.”

“मग विचारू देऊ नकोस. प्रत्येक उत्तर स्वतंत्र हवं. एकेकाला गाठ, दार लाव, मग प्रश्न विचार. आढावा समितीपुढे हे ठेवलंस तर ते प्रकरणच काढून टाकतील.”

सूचना निर्दोष होती. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी हेच शिकले होते: बाहेरचा हस्तक्षेप बंद करा, मग मोजा. तेव्हा मी पुन्हा घरोघर गेले आणि या वेळी आत शिरून दार लावून घेतले.

आमच्या चाळीत दिवसा दार लागत नसे. पडदा ओढला जाई, दार नाही. भरदुपारी दार लागले तर आत भांडण विकोपाला गेले आहे असे समजून शेजारी साखर मागायला येत. त्यात गेल्या काही महिन्यांपासून पुनर्विकासाचे वारे होते, आणि बिल्डरची माणसे संमतीच्या सह्या घेताना असेच एकेका घरात शिरून दार लावत. मी पहिल्या दारातून बाहेर आले तेव्हा गॅलरीत चार बायका उगीचच कपडे वाळत घालत होत्या. दुसऱ्या दारातून बाहेर आले तेव्हा हातात कपडेही नव्हते. तिसऱ्या घरात मी प्रश्न वाचत असतानाच बाहेरून कोणी तरी कडी वाजवली.

संध्याकाळी सेक्रेटरीकाका आमच्याकडे आले. ते उंबऱ्याबाहेरच थांबले, आणि यावरूनच पप्पांना कळले की प्रकरण गंभीर आहे.

“राग मानू नका,” ते पप्पांना म्हणाले. “पण पोरीला बिल्डरनं कामाला ठेवलंय का?”

पप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ज्या मुलीच्या शिक्षणाबद्दल ते चाळभर सांगत फिरले होते, तिच्याविषयीचा हा प्रश्न होता. ते फक्त एवढेच म्हणाले, “तिलाच विचारा. चौकात विचारा. सगळ्यांसमोर.”

आणि खरोखरच खाली चौकात सभा भरली. शेजारच्या बुद्धविहारातल्या सतरंज्या आणल्या गेल्या. मी उभी राहून स्वतंत्र निरीक्षणे म्हणजे काय, ते समजावले. मला वाटते, मी ते चांगले समजावले.

“म्हणजे आम्ही एकमेकांचं ऐकून बोललो तर खोटं?” काकूंनी विचारले.

“खोटं नाही, काकू. पण मोजता येत नाही.”

“का नाही? पन्नास मोजता येत नाहीत?”

लोक हसले. वरच्या मजल्यावरचा एक रिक्षावाला म्हणाला, “ताई, वर्गणी काय लाच आहे का दार लावून घ्यायला?” त्यावर आणखी हसले. शेवटी सेक्रेटरीकाकांनी दोन्ही हात वर करून तोडगा काढला. पोरीचे शिक्षण अडता कामा नये. तेव्हा तिने दार लावून विचारावे, सर्वांनी उत्तर द्यावे. फक्त गैरसमज नको म्हणून काकू आत बसतील.

“प्रत्येक घरात?” मी विचारले.

“प्रत्येक घरात,” काकू म्हणाल्या. “मला काय, मी शिवण घेऊन बसेन.”

ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. माझ्या शास्त्रीय पद्धतीचा शेवट इतक्या प्रेमाने झाला की मला रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी आई मेथी निवडत बसली होती आणि मी तिच्यासमोर समितीला काय सांगायचे ते जुळवत होते. बोलता बोलता लॉकडाऊनच्या वर्षाचा विषय निघाला. त्या वर्षी जयंती गॅलऱ्यांतूनच साजरी झाली होती, आणि वर्गणी अकरा रुपये होती, हे मला आठवत होते.

“पण सेक्रेटरीकाकांचा पगार तर चालू होता,” मी म्हटले.

“चालू होता म्हणून तर अकराची फाडली,” आई म्हणाली. “पाचशेची फाडली असती तर? तुझ्या पप्पांचा ओव्हरटाइम बंद होता, काकूंकडे एक ब्लाउज येत नव्हता. कोण काय करणार होतं?”

मी पेन खाली ठेवले. दोन वर्षे मी जगभरच्या शहरांची अंदाजपत्रके तपासत होते, संकट आले की कोणता खर्च तुटतो ते पाहत होते. इथे एक व्यवस्था होती जी संकटात खर्च तोडत नव्हती. ती आकडा इतका खाली आणत होती की कोणीच बाहेर पडू नये. म्हणजे पन्नास ही तळ्याची किंमतच नव्हती. तळ्यासाठी सगळी गॅलरी एकत्र राहून जेवढे देऊ शकेल, तेवढा तो आकडा होता. एका दोरीला बांधलेले लंबक आम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत हलवून पाहत असू. त्यांतल्या एकाचा वेगळा आंदोलनकाळ विचारणे निरर्थक असते. मी चाळीत घरे मोजायला गेले होते. तिथे उत्तर देणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे चाळ.

हे सगळे मी मॅडमना एका दमात सांगितले.

“छान,” त्या म्हणाल्या. “मग तुझी निरीक्षणं किती?”

“एक.”

मॅडम हसल्या. त्या हसलेल्या मी पहिल्यांदा पाहत होते. “एका निरीक्षणावर प्रकरण होत नाही. आता दोनच वाटा आहेत. हे प्रकरण सोड, अर्ध्या प्रबंधावर पदवी घे. परदेशातल्यांना मी लिहीन, तेवढ्यावर ते घेतीलही. किंवा अशा आणखी चाळी शोध. पण मार्चपर्यंत ते होणार नाही, आणि परदेशातले लोक थांबणार नाहीत.”

मी महत्त्वाकांक्षी आहे. ते लपवण्यासारखे मला कधी वाटले नाही. त्यामुळे इथे मी भावनेपोटी चाळ निवडली असे कोणी समजू नये. विमान चुकणार हे मला दिसत होते. पण जे मला सापडले होते ते मी वाचलेल्या कोणत्याही निबंधात नव्हते, आणि ते हातचे सोडून अर्धे काम घेऊन जाणे मला परवडणारे नव्हते. मी परदेशी नकार कळवला. फेलोशिप संपल्यावर सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागले आणि दुपारी चाळी पायाखाली घालू लागले.

ते वर्ष माझ्या आठवणीत सर्वांत उजळ आहे. लालबागच्या एका चाळीत पहिली पावती गिरणीतल्या जुन्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, घराण्यात फाडली जाई. नोकरी जाऊन दोन पिढ्या झाल्या तरी मान त्यांचा. परळला एका गॅलरीत ती सर्वांत जुन्या भाडेकरूकडे होती. गिरगावात, मूळच्या रत्नागिरीकडच्या एका कुटुंबात, माझा प्रश्न ऐकण्याआधी मला आंबोळ्या खाव्या लागल्या आणि मी कोणाची, कुठली, लग्न ठरले का, या प्रश्नावलीची उत्तरे द्यावी लागली. माझी प्रश्नावली त्यांच्या प्रश्नावलीपेक्षा बरीच लहान होती. कोणाकडे तळे नव्हते. कोणाकडे विहीर होती, कोणाकडे वडाचा पार, कोणाकडे नुसता मोकळा चौक. मी दार उघडे ठेवून, सगळ्यांसमोर विचारत असे आणि एका गॅलरीचे एक उत्तर लिहून घेत असे.

“लालबागवाल्यांनी किती सांगितले?” परळच्या एका मावशींनी मला एकदा विचारले.

“ते नका विचारू, मावशी. माझं सगळं काम पाण्यात जाईल.”

“कमीच सांगितले असणार,” त्या समाधानाने म्हणाल्या. “तू आमचे वाढवून लिही.”

प्रबंध पूर्ण झाला. मौखिक परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकते, ही गोष्ट मी पप्पांना सांगितली. आणि पप्पांनी ती नेहमीप्रमाणे पुढे पोहोचवली. सभागृहाच्या मागच्या दोन रांगा आमच्या गॅलरीने भरल्या. निकाल लागण्याआधीच पेढे आणले होते. बहिःस्थ परीक्षक दुसऱ्या शहरातून आलेले, नावाजलेले, इंग्रजीत बोलणारे. सेक्रेटरीकाका त्यांचे बोलणे हळू आवाजात मागच्या रांगेला मराठीत सांगत होते. तो हळू आवाज सभागृहभर ऐकू येत होता.

परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणावर बोट ठेवले. असे काल्पनिक आकडे लोक सहज सांगतात, ते म्हणाले. प्रत्यक्ष पैसे मागितले की देत नाहीत, हे वारंवार दिसून आलेले आहे. तुमच्या उत्तरांवर मी विश्वास का ठेवावा?

मला प्रामाणिक असणे भाग होते. मी म्हटले, ही मर्यादा मला मान्य आहे.

“काय म्हणाले ते?” मागून काकूंचा आवाज.

“म्हणतात, लोक तोंडानं सांगतात, खरे पैसे देत नाहीत.”

“आणि ही काय म्हणतेय?”

“ही हो म्हणतेय.”

“हो म्हणतेय?”

मॅडमनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी मागे वळून काय चालले आहे ते विचारले, आणि मॅडमनी त्यांना ते इंग्रजीत सांगितले. त्यांनी चष्मा काढला आणि मागच्या रांगांकडे पाहिले. तिथे सगळी डोकी एकमेकांकडे झुकली होती. आपण उठून काही बोलावे की नाही, यावर विचारविनिमय चालला होता. “हेच का तुमचं एक निरीक्षण?” त्यांनी मला विचारले. मग त्यांनी चष्मा लावला आणि चौथ्या प्रकरणाकडे वळले. तिसरे प्रकरण, दोन तक्ते दुरुस्त करण्याच्या अटीवर, जसेच्या तसे राहिले.

पेढे वाटून झाल्यावर जिन्यात सेक्रेटरीकाकांनी मला बाजूला घेतले.

“झालं ना तुझं? मग आता येत्या रविवारी घेऊन टाकू.”

“काय घेऊन टाकू?”

“तळ्याचे. तू डॉक्टर होईपर्यंत थांबलो होतो. मध्येच घेतले असते तर तुझा अभ्यास बिघडला असता.”

माझ्या प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर हा प्रश्न काल्पनिक असल्याचे छापले होते. चाळीने ते वाचले नव्हते, किंवा वाचून त्याला किंमत दिली नव्हती. शब्द दिला होता. रविवारी सकाळी चौकात टेबल मांडले, आणि पावत्या लिहायला मला बसवले, कारण अक्षर चांगले आणि कारण सगळी गोष्ट माझ्यामुळे सुरू झाली होती. पहिली पावती सेक्रेटरीकाकांची. मग एकामागून एक दारे खाली येत गेली. कोपऱ्यावरच्या खोलीतल्या बाई स्वतः आल्या. त्यांना आता एका शाळेत काम मिळाले होते. त्यांनी पन्नासाची नोट टेबलावर ठेवली तेव्हा काकू तोंडभरून हसल्या. रीतसर अर्ज देऊन परवानगी मिळाल्यावर त्या पैशांतून माणसे लावून तळ्यातली जलपर्णी काढली गेली. पाणी पुन्हा दिसू लागले.

वर्गणीच्या त्या रविवारी सगळे आटोपल्यावर मी माझ्या पाकिटातून पाचशेची नोट काढली. प्रबंध सादर केल्यावर एका संशोधन संस्थेत माझी नेमणूक झाली होती, पहिला पगार हातात आला होता, आणि मला तो कुठे तरी दाखवायचा होता.

“घरचे दिलेत पप्पांनी,” सेक्रेटरीकाका म्हणाले.

“हे माझे वेगळे. मी कमावते आता.”

“मग पन्नास दे.”

“काका, मला जास्त द्यायचेत.”

त्यांनी नोट माझ्याकडे परत सरकवली. “असं नाही करता येत. आता तुझा पगार आमच्यापेक्षा मोठा झालाय ना? मग पुढच्या वर्षी पहिली पावती तुझी फाडू. किती लावायचे ते तू ठरव. पण नीट विचार करून ठरव, सगळ्यांना द्यावे लागतील.”

मी पन्नास दिले. घरी जाऊन मी खरोखरच कागद घेऊन बसले: कोणाचे काम चालू आहे, कोणाचे सुटले आहे, कोणाचे कोणात धरावे लागेल. आकडा काही केल्या ठरेना. कधी तो तळ्याला कमी वाटे, कधी कोणाला तरी जास्त. दिवाळीनंतर पुनर्विकासाचे करार झाले आणि भाड्याचे धनादेश घेऊन गॅलरी वसई, कल्याण, बदलापूर अशी पांगली. पहिली पावती माझ्या नावाने कधी फाडली गेली नाही. तिच्यावर किती लिहायचे, ते माझे अजून ठरलेले नाही.